मांडीवरचं तिकीट

१.
धाकटीचा जन्म २९ मेचा. आम्ही लंडनला निघणार ८ मेला, परत येणार १ जूनला. जाताना ती दोन वर्षांच्या आतली, म्हणून तिला मांडीवरचं तिकीट: मोठ्या माणसाच्या भाड्याच्या दहाएक टक्के, सीट नाही. येताना दोन वर्षं पुरी होऊन तीन दिवस झालेले, म्हणून वेगळी सीट आणि वेगळं भाडं. पालघरच्या तिकीटवाल्याने हे दोनदा समजावलं. नवऱ्याने तारखा मागेपुढे करून पाहिल्या. तो तारापूर एमआयडीसीत पाळीवर जातो. रजा हलेना. तीन दिवसांसाठी एवढे पैसे, याची रुखरुख आठवडाभर घरात होती.

२.
नवऱ्याच्या जन्मदाखल्यावर जिल्हा ठाणे. मुलांच्या दाखल्यांवर जिल्हा पालघर. घर तेच, मासवणचं. १ ऑगस्ट २०१४ला जिल्हा वेगळा झाला. अर्ज भरताना थोरल्याने विचारलं, बाबा दुसऱ्या गावचे आहेत का?

३.
चार वर्षांच्या आतल्या मुलाचा पासपोर्टचा फोटो आपणच काढून न्यायचा. पांढरी पार्श्वभूमी, डोळे उघडे, तोंड मिटलेलं. धाकटीला पांढऱ्या चादरीवर निजवून नवरा पलंगावर उभा राहिला. त्रेचाळीस फोटोंत तोंड उघडं. चव्वेचाळिसाव्यात मिटलं, कारण तोंडात खडीसाखर होती.

लहान मुलाचा पासपोर्ट पाच वर्षं चालतो. फोटोतलं मूल तीन महिन्यांत ओळखू येईनासं होतं.

४.
ब्रिटनच्या व्हिसासाठी पाच वर्षांच्या आतल्या मुलांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत. थोरल्याला ते मनाला लागलं. घरी आल्यावर शाईपॅड घेऊन त्याने दाराच्या चौकटीवर दहाही बोटं उमटवली. मी पुसली नाहीत.

५.
विमानात पुढच्या भिंतीला अडकवायचा पाळणा मिळतो. त्याला वजनाची मर्यादा असते, प्रत्येक कंपनीची निराळी. आमच्या कंपनीची अकरा किलो. अंगणवाडीत नेऊन धाकटीचं वजन केलं. १०.८. अंगणवाडीताई म्हणाल्या, ‘वजन छान आहे हो.’ मग त्यांनी उंची मोजली आणि म्हणाल्या, ‘पण ही मावायची नाही.’

त्यांचंच खरं ठरलं. पाळण्यात ठेवल्यावर पाय गुडघ्यापासून बाहेर.

६.
आवणीच्या दिवसांत आमच्याकडे शेताच्या कडेला झाडाला झोळी बांधलेली असते. जुन्या लुगड्याची. आत मूल निजलेलं, आई चिखलात वाकलेली. दोरीचं एक टोक लांब सोडलेलं असतं. आवणी करता करता तिथूनच एखादा हिसका द्यायचा. झोळीला वजनाची मर्यादा मी कधी ऐकली नाही. मूल जड झालं की फांदी बदलतात.

७.
सासूबाईंनी लंडनच्या जाऊबाईंसाठी बांधलेली पिशवी आणि तिचा निकाल:

तूप दोन किलो. दूध आणि दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये आपल्याकडून नेता येत नाहीत. राहिलं.

पेढे. तेच कारण. राहिले.

सुकं खोबरं. विमानाच्या नियमांत ते धोक्याच्या मालात मोडतं. त्यातल्या तेलाने ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. राहिलं. सासूबाईंचा यावर विश्वास बसला नाही. चाळीस वर्षं खोबरं त्यांच्या फडताळात आहे.

सातपाटीचे सुके बोंबील. मासळी चालते. गेले, तीन पिशव्यांच्या आत.

बाळाच्या दुधाची पावडर, दोन किलोपर्यंत. गेली.

सासूबाईंच्या नेसूच्या पातळाचं एक फडकं, धाकटीला निजताना हातात लागतं ते. यादीत नव्हतं. त्यांनी शेवटच्या क्षणी माझ्या पर्समध्ये कोंबलं.

८.
शेजारणीने सांगितलं, सर्दीचं औषध दे, आठ तास डोळा उघडणार नाही. पालघरच्या आमच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. झोप आणण्यासाठी म्हणून ते औषध एवढ्या लहान मुलांना द्यायचंच नाही, श्वासावर परिणाम होऊ शकतो, म्हणाले. काही मुलं तर झोपायच्या ऐवजी जास्तच चेकाळतात. मूल रडलं तर रडू द्या, विमान काही तिच्या रडण्याने पडत नाही.

येताना वाघोबा खिंडीत थांबलो. नारळ वाहिला. थोरल्याने वाघोबाला विचारलं, तू विमान बघितलंस का?

९.
पंडिता रमाबाई १८८३च्या एप्रिलमध्ये मुंबईहून इंग्लंडला निघाल्या. नवरा आदल्या वर्षी वारलेला. सोबत मुलगी मनोरमा. तिचा जन्म १६ एप्रिल १८८१चा, म्हणजे दोन वर्षं नुकतीच पुरी झालेली, हिंडतं-फिरतं, बोलतं मूल. सुएझ कालव्यातून बोट, जवळजवळ महिनाभराचा प्रवास. रमाबाईंनी या प्रवासावर त्याच वर्षी मराठीत लिहिलं. मी नेहमी विचार करते तो डेकचा. कठड्याच्या गजांमधून दोन वर्षांचं मूल सहज जातं. त्या महिनाभर कशा झोपल्या असतील?

आजच्या विमानाच्या नियमाने मनोरमेला सीट घ्यावी लागली असती.

१०.
८ मे, संध्याकाळी सात. विमान रात्री अडीचचं. मनोर नाक्यावर डिझेलसाठी थांबलो. शेजारी एक टेम्पो. वीटभट्टीचा हंगाम संपून घरी निघालेली माणसं, पावसाच्या आत जव्हारकडे पोचायचं असतं. हंडे, पत्रे, गोणी, एक कोंबडी, आणि वळकट्यांवर चार लहान मुलं गाढ झोपलेली. सगळ्यांत लहान धाकटीएवढं. त्याच्या आईने एक हात मुलावर आणि एक हात हंड्यांवर ठेवला होता.

आमच्या गाडीत दोन मोठ्या बॅगा, तीन लहान, एक ढकलगाडी.

त्या मुलाचा हा दिवाळीपासूनचा दुसरा लांबचा प्रवास असावा. त्याला तिकीट लागत नाही.

११.
मनोर ते दहिसर. महामार्गाचं काँक्रीट, एका बाजूने वाहनं, वर्सोवा पुलाच्या अलीकडे रांग. तीन तास दहा मिनिटं. या पट्ट्यातल्या कुणालाही विमान गाठायचं असेल तर त्याचा खरा प्रवास हाच. धाकटी तीन वेळा ओकली. विमानात एकदाही नाही.

मुलांचे जादा कपडे सगळे हातातल्या पिशवीत घेतात. स्वतःचे मी घेतले नव्हते. मी लंडनला पोचले ती त्याच कुर्त्यात.

१२.
मुंबई विमानतळाच्या टी-टूमध्ये आत शिरल्यावर लांबच लांब गालिचा. थोरल्याने चपला काढल्या, हातात घेतल्या. घरी सतरंजीवर कुणी चपला घालून चालत नाही. तो विमानाच्या दारापर्यंत अनवाणी गेला. त्याला कुणी अडवलं नाही आणि मीही काही म्हटलं नाही.

१३.
ऑगस्ट २००६मध्ये लंडनहून निघणारी विमानं द्रव स्फोटकांनी उडवण्याचा कट पकडला गेला. त्यानंतर अनेक विमानतळांवर जवळच्या सामानात द्रव शंभर मिलिलिटरपर्यंतच. बाळाचं दूध आणि खाणं यांना सूट.

तपासणीवरच्या वर्दीतल्या बाईंनी आमचा स्टीलचा डबा उघडला. वास घेतला. ‘नाचणी?’ मी हो म्हटलं. ‘माझा दीड वर्षाचा आहे,’ त्या म्हणाल्या, झाकण घट्ट लावून डबा परत दिला आणि पुढच्या ट्रेकडे वळल्या. घड्याळात बारा चाळीस झाले होते.

१४.
मांडीवरच्या मुलासाठी एक छोटा पट्टा देतात. तो आपल्या पट्ट्यात ओवायचा, मग मुलाच्या पोटावर. अमेरिकन कंपन्यांच्या विमानांत असा पट्टा वापरू देत नाहीत. कारण वाचलं: जोराचा धक्का बसला तर मोठ्या माणसाचं अंग पुढे येतं आणि मूल मधे चेपतं. आणि पट्टा नसेल तर मूल हातातून सुटतं.

दोन देश, दोन नियम, दोन्ही मुलाच्या भल्यासाठी. दोघांनाही ठाऊक आहे की मांडी ही जागा नव्हे.

१५.
बोईसरच्या एसटीत माझ्या सासूबाई नातवाला ओच्यात घेऊन बसतात. गाडीने ब्रेक मारला की त्यांचा हात आपोआप पुढे येतो. माझाही येतो. हवेत विमान ब्रेक मारत नाही, तरी दहा तास तो हात पुढेच होता.

१६.
पहिला तास. दोघंही टक्क जागी.

दुसरा. चुरमुरे. एका वेळी एकच द्यायचा, आणि तो तिनेच डब्यातून काढायचा. एक वाटी पंचेचाळीस मिनिटं पुरली. विकत घेतलेली तिन्ही नवी खेळणी मिळून अकरा.

तिसरा. डब्यात डबा, त्यात डबा. झाकणं लावणं, काढणं. पुढच्या सीटवरच्या गृहस्थांनी मागे वळून पाहिलं. मी म्हटलं, स्टीलचे आहेत, सॉरी. ते म्हणाले, माझ्या आईकडे असेच होते.

चौथा. धाकटी रडली. सव्वीस मिनिटं.

पाचवा. थोरला झोपला. माझा उजवा पाय त्याच्याखाली.

सहावा. नोंद नाही.

१७.
विमान छत्तीस-अडतीस हजार फुटांवर असलं तरी आतला दाब तसा ठेवत नाहीत. सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तसा असतो. कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. अख्ख्या महाराष्ट्रात कुणाचं मूल उभं राहू शकेल त्याहून उंच जागी आमची मुलं दहा तास होती. हवाही कोरडी, आमच्याकडच्या उन्हाळ्यातल्या दुपारपेक्षा कोरडी. ओठ फाटतात, नाक भरतं, तहान लागते आणि हे कशामुळे होतंय ते मुलाला सांगता येत नाही. ते रडतं.

विमानात रडणाऱ्या मुलाला हट्टी म्हणणारी माणसंही त्याच उंचीवर बसलेली असतात, पण त्यांना तहान सांगता येते.

१८.
त्या सव्वीस मिनिटांतल्या सोळाव्या मिनिटाला रांगेपलीकडच्या एक आजी उठल्या. पांढरी ओढणी, जामनगरच्या, मुलीकडे निघालेल्या. गुजरातीत काहीतरी म्हणाल्या आणि हात पुढे केले. धाकटी गेली. सहसा कुणाकडे जात नाही. आजी तिला घेऊन मागच्या पडद्यापर्यंत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. दहा फेऱ्या. मी दहा मिनिटं दोन्ही हात मोकळे ठेवून बसले आणि त्या हातांचं काय करायचं ते मला सुचेना.

त्यांचं नाव विचारायचं राहिलं.

१९.
कान वर जाताना कमी दुखतात, उतरताना जास्त. नाकाच्या मागून कानाकडे जाणारी नळी लहान मुलांत अरुंद आणि आडवी असते. बाहेरचा दाब वाढू लागला की ती चटकन उघडत नाही. गिळलं की उघडते. म्हणून उतरायला लागल्यावर अंगावर पाजायचं, बाटली द्यायची, काहीतरी चघळायला द्यायचं, आणि झोपलेलं असेल तर विमान खाली यायला लागताच जागं करायचं. झोपलेल्या मुलाला उठवणं जिवावर येतं. पण उठवायचं. खाली येणं अर्धा तास आधीच सुरू होतं; जमीन दिसू लागते तेव्हा उशीर झालेला असतो.

आम्ही धाकटीला उठवलं. थोरल्याला उठवलं नाही. तो हीथ्रोवर कान धरून रडला.

२०.
बॅगांच्या पट्ट्यापाशी थोरला: ‘आता विमानात बसायचं?’

त्याला आम्ही सांगितलं होतं की विमान उडतं. त्याने दहा तासांत काहीही उडताना पाहिलं नव्हतं.

२१.
उन्हाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे. धाकटी घरी साडेसहाला उठते. इथे ते रात्रीचे दोन. पहिले चार दिवस रात्री दोन वाजता मी आणि ती दिराच्या स्वयंपाकघरात, दिवा लहान करून मऊभात. पाचव्या दिवशी तीन. सहाव्या दिवशी साडेचार. रोज सकाळी उजेडात अर्धा तास अंगणात बसवलं, मग घड्याळ हळूहळू सरकलं. घाई करून सरकत नाही.

त्याच वेळी मासवणला सासूबाई उठलेल्या असत. व्हिडिओ लावायचा. धाकटी फोनच्या काचेला पातळाचं फडकं लावायची.

२२.
टेम्स पाहून थोरला: ‘ह्या नदीचं पाणी पण वसईला जातं का?’

आमच्या सूर्या नदीचं जातं. मासवणला पंप आहेत, तिथून उचलतात. त्याला नदी म्हणजे तेच माहीत.

२३.
महाराष्ट्र मंडळ लंडन, स्थापना १९३२. डॉलिस हिलमधली त्यांची वास्तू. मुलं सभागृहात या टोकापासून त्या टोकापर्यंत धावली. एका आजींनी सांगितलं, त्या १९७१ साली आठ महिन्यांच्या मुलाला घेऊन एकट्या आल्या. वाटेत विमान बैरूतला थांबलं तेव्हा त्यांनी खाली उतरून बाटल्या धुतल्या. लंगोट कापडाचे; ओले एका पिशवीत, कोरडे एका पिशवीत. ‘वासाचं काही वाटायचं नाही, सगळे सिगारेट ओढायचे.’

तो आठ महिन्यांचा मुलगा शेजारी बसून बोंबलाची चटणी खात होता. केस पांढरे.

२४.
इथेच एका रात्री वाचलेलं. १९ जुलै १९८९, अमेरिका. डेन्व्हरहून शिकागोला निघालेल्या विमानाच्या मागच्या इंजिनातला पंखा फुटला आणि विमान वळवण्याच्या सगळ्या यंत्रणा बंद पडल्या. वैमानिकांनी ते सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणलं. चार मुलं सीटशिवायची होती. त्या काळच्या शिकवणुकीप्रमाणे मुख्य हवाई सेविका जॅन ब्राउन यांनी आईबापांना सांगितलं, मुलांना जमिनीवर पायांपाशी ठेवा. विमान आदळलं, मोडलं, पेटलं. त्यांतलं एक मूल गेलं. आई वाचली. बाहेर येऊन जॅन ब्राउन यांना जी पहिली माणसं भेटली त्यांत ती आई होती. पुढे कित्येक वर्षं त्या एकच गोष्ट मागत राहिल्या: प्रत्येक मुलाला त्याची सीट आणि त्याचा पट्टा.

तसा नियम अजून झालेला नाही. अमेरिकेची विमान वाहतूक यंत्रणा मुलासाठी सीट घ्या असा सल्ला देते. सक्ती करत नाही.

मी वर झोपलेल्या नवऱ्याला उठवून हे वाचून दाखवलं. आपण तीन दिवसांसाठी रुखरुखत होतो, एवढंच तो म्हणाला.

२५.
२९ मे. केक काकूने केला. सासूबाईंनी तिकडे केळव्याला शीतळादेवीची ओटी भरली. दोन्हीचे फोटो एकाच वेळी फोनवर आले.

२६.
परतीच्या वाटेवर, विमानाच्या दारापाशी, एक तरुण मुलगी एका बाईकडे बघून मैत्रिणीला म्हणाली, बापरे, बाळ आहे. त्या बाईने ऐकलं. तिने बाळाचं तोंड स्वतःच्या खांद्याकडे फिरवलं आणि मागे सरकून सगळ्यांना पुढे जाऊ दिलं. बाळ तेव्हा हसत होतं.

मी तिला माझ्या पुढे घेतलं. विमानात, एसटीत, डहाणू लोकलमध्ये कुठेही मूल घेतलेली बाई दिसली तर तिची पिशवी धरा. मूल नका मागू, आधी पिशवी धरा. मूल ती स्वतः देईल.

२७.
१ जून. धाकटीची सीट खिडकीची. पाय कडेच्या जेमतेम बाहेर येत होते. पट्टा लावला. तिने फडकं मांडीवर घेतलं आणि पट्ट्याखाली सरकवलं, त्यालाही बांधलं. वर जाताना माझा हात सवयीने आडवा गेला. तिने तो उचलून माझ्या मांडीवर ठेवला.

वाटेत दोन वेळा विमान चांगलंच हललं. ती झोपली होती. पट्टा बांधलेला होता.